कॅम्पिंग ट्रेलरसाठी सोलर : घरचं ५४० वॅटचं पॅनेल टपावर टाकू का?

रानोमाळ
मंडळी, कोल्हापूरजवळच्या शिरोलीत उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमधनं छोटा कॅम्पिंग ट्रेलर करून घेतलाय. पासिंग झालं. आत चौघांची झोपायची सोय, मागं उघडणारं किचन, पाण्याची टाकी आणि १२ व्होल्टचा पंप. आता विजेचं बघायचंय.

आमची भटकंती म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, राधानगरीकडं, गगनबावड्याकडं नाहीतर पन्हाळ्याच्या मागं कुणाच्या तरी ओळखीच्या रानात दोन रात्री काढायच्या आणि रविवारी परत. वर्षातनं एकदा आठवडाभर कोकण.

वायरमनचं म्हणणं असं : टपावर घरगुती ५४० वॅटचं एकच पॅनेल, आत १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी पाणी घालायची लेड ॲसिड, आणि घरात पडलेला जुना इन्व्हर्टर. "एकदा टाकलं की बघायला नको." पंखा, दिवे, मोबाइल, पंप एवढं चालायलाच पाहिजे. घरच्यांना फ्रिज पाहिजे. मिक्सर न्यायचा का, यावर अजून एकमत नाही. काय करू?

तांबडापांढरा
फ्रिज कशाला भावा? मटण जाईल तिथं ताजं घ्यायचं. बाकी चालू द्या, वाचतोय.

तारजोड
उद्यमनगरात याच कामात आहे म्हणून सविस्तर लिहितो. वायरमनचा राग नको, तो घराचं गणित ट्रेलरला लावतोय.

५४० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटर लांब, मीटरभरापेक्षा जास्त रुंद आणि २८ किलोच्या आसपास असतं. वजन एकवेळ सोडा. त्याचा काम करतानाचा व्होल्टेज ४१ च्या घरात, काहीच न जोडता उघडा ४९-५०. तुमची बॅटरी १२ ची. मध्ये साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलच्या विजेनं बॅटरी भरणारा डबा) टाकला तर तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून धरतो आणि करंट पॅनेलचा तोच राहतो, १३ अँपिअर. १३ अँपिअर गुणिले बॅटरीचे भरतानाचे साधारण १३ व्होल्ट म्हणजे १७० वॅट. पैसे ५४० चे, हातात १७०. पूर्ण घ्यायचे तर जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलर लागेल, तोही ४० अँपिअरचा, आणि मग तेवढी वीज मुरवायला बॅटरीही मोठी. असं एकाला एक वाढत जातं.

ट्युब्युलर तर ट्रेलरमध्ये नकोच. पाण्यासकट ५५-६० किलो. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना आतलं ॲसिड हिंदकळणार. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि तुम्ही त्याच बंद डब्यात झोपणार. एवढं करून बॅटरी टिकवायची असेल तर अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे १५० मधले ७५ च तुमचे. त्यापेक्षा १२.८ व्होल्टची १०० एएच लिथियम फॉस्फेट घ्या. वजन १२ किलोच्या आसपास, साठा १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट-तास, त्यातला ८०-९० टक्के बिनधास्त वापरा. महाग आहे, पण ट्रेलरमध्ये पैसे घालायची जागा हीच.

सडा_आणि_सावली
वरच्याशी सहमत. माझा मुद्दा टपाचा. पॅनेल टपावर बसवलं की ट्रेलर उन्हात लावावा लागतो. एप्रिलमध्ये दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात रात्री झोपून बघा. आणि राधानगरीच्या बाजूला झाडाखाली लावलात तर पॅनेलवर फांदीची सावली येणार. एका कोपऱ्यावर पडलेली सावली पॅनेलचा मोठा भाग बंद पाडते, कारण आतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात आणि मध्ये १० मीटर वायर. सोलर सुटं पाहिजे ते यासाठी.

रानोमाळ
हे पटलं. पण मग नक्की किती वॅट? एक म्हणतो १००, दुसरा म्हणतो ४००.

भटकी_मावशी
वॅट विचारू नका, आधी खर्च लिहून काढा. मी तुमच्या यादीवरनं काढते.

१२ व्होल्टचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा २८ वॅट, रात्रभर ८ तास : २२४ वॅट-तास. एलईडी दिवे सगळे मिळून १० वॅट, ४ तास : ४०. चार मोबाइल, प्रत्येकी १५ : ६०. पंप ६० वॅटचा असला तरी दिवसभरात पाव तास चालतो : १५. झाले ३४० च्या आसपास. एवढंच.

आता १०० एएच बॅटरीतले वापरता येणारे हजारभर वॅट-तास घ्या. दोन रात्रींचे ६८०. म्हणजे शनिवार-रविवारच्या सहलीला तुम्हाला पॅनेलच लागत नाही! घरनं बॅटरी भरून न्यायची, रविवारी परत आणून लावायची. धाग्याचं नाव सोलर आहे म्हणून कुणाला राग येईल, पण आधी बॅटरी घ्या, दोन-तीन वेळा जाऊन या आणि मग ठरवा पॅनेल किती.

सगळं गणित फिरवतो तो फ्रिज. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तो निम्मा वेळ चालूच असतो. झाले ५०० च्या वर. म्हणजे पंखा, दिवे, मोबाइल, पंप सगळे मिळून जेवढं खातात त्याहून एकटा फ्रिज जास्त खातो. रोजचा आकडा ८५० वर जातो.

तांबडापांढरा
मी आधीच म्हटलेलं!

भटकी_मावशी
तुम्ही मटणाचं म्हटलं होतं. पोरं लहान असली की दूध, दही, औषध असतं. आम्ही दोन रात्रींसाठी बर्फाची लादी फोडून जाड आइसबॉक्समध्ये भरतो, पाणी काढत राहिलं की पुरते. फ्रिज आठवडाभराच्या कोकणवारीला.

घाटवाट
टपावरच्या पॅनेलला एवढं वाईट म्हणू नका. चालत्या गाडीतही चार्ज होतं, रोज काढा-घाला नाही, चोरी नाही. सुटं पॅनेल रानात सोडून तुम्ही धबधबा बघायला जाणार, परत आल्यावर ते तिथंच असेल याची खात्री काय? माझ्या टपावर १०० वॅटची दोन आहेत, मस्त चाललंय.

सडा_आणि_सावली
@घाटवाट, चोरीचं खरं आहे. आम्ही फ्रेमच्या भोकातनं सायकलची साखळी घालून ट्रेलरच्या चाकाला नाहीतर झाडाला बांधतो. घेऊन जायचंच ठरवलं तर कोण थांबतंय म्हणा.

पण टपावरचं पॅनेल सपाट असतं आणि आपला कॅम्पिंगचा हंगाम हिवाळ्याचा. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवरच पोचतो, तेव्हा सपाट पडलेलं पॅनेल पाऊण कामच करतं. सुटं असेल तर दक्षिणेला तोंड करून ४० अंशांवर उभं करा, तोच माल सव्वापट काम करतो. फेब्रुवारी-मार्चला २०-२५ अंश पुरे. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा खुशाल आडवं टाका. सकाळी थोडं पूर्वेला, चहानंतर पश्चिमेला फिरवलं तर आणखी मिळतं. पोरांना हे काम द्या, आनंदानं करतात.

टपाला चिकटवायची वाकणारी पातळ पॅनेलं मात्र कुणीच घेऊ नका. खाली हवा नाही, पत्रा तापतो, काही काळानं फुगे येतात. काचेचं पॅनेलसुद्धा उन्हात तापून ६० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि २५ अंशांच्या वरच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के कमी देतं. म्हणजे १०० वॅटचं पॅनेल आपल्या उन्हाळ्यात ८५ चंच समजा. खालनं वारा खेळता पाहिजे.

घाटवाट
४० अंशांवर उभं केलेलं पॅनेल मसाई पठारावरच्या वाऱ्यात उडून कुठं जाईल ते कळणार नाही.

सडा_आणि_सावली
हो, वारा हा खरा शत्रू. आणि सड्यावर जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत, वाकतात. अल्युमिनियमच्या अँगलचं स्टँड करून त्याला २० लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन बांधायचा. पाणी असतंच बरोबर. दगड लावणार असाल तर जाताना होते तिथं ठेवा, पठारावरची झाडंझुडपं चिरडू नका. आणि वनखात्याच्या हद्दीत मुक्काम करायचा तर आधी परवानगीचं विचारा. खरं तर ओळखीचं रान सगळ्यात बरं.

तारजोड
मावशींचं गणित बरोबर आहे, तेच पुढं नेतो.

आपल्याकडं चांगल्या दिवशी पूर्ण उन्हाचे साधारण ५ तास धरा. त्यात उष्णता, धूळ, वायर, बॅटरी यांचं जाऊन ७० टक्के हातात येतं. १०० वॅटचं पॅनेल रोजचे ३५० वॅट-तास देतं. म्हणजे बिनफ्रिजचा ट्रेलर एका १०० वॅटच्या पॅनेलवर कितीही दिवस उभा राहतो. फ्रिज धरला तर २०० वॅट घ्या. त्यावर ७०० येतात, खर्च ८५०, रोज १५० चा खड्डा. १०० एएचची भरलेली बॅटरी हा खड्डा कोकणातला आठवडा भरून काढते. ४०० वॅटची गरज नाही, तिसरं पॅनेल ठेवायचं कुठं हाच प्रश्न पडेल.

कंट्रोलर : १०० वॅटचं एकच पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएम चालतो. त्याचा व्होल्टेज लेबलवर १८ असला तरी तापल्यावर १५-१६ वर येतो, त्यामुळं एमपीपीटीचा फायदा उन्हाळ्यात थोडाच. दोन पॅनेलं असतील तर एमपीपीटी घ्या, १५-२० अँपिअरचा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ डब्यांवर एमपीपीटी छापलेलं असतं, आत पीडब्ल्यूएमच. हातात घेऊन बघा. खऱ्याच्या आत तांब्याची गुंडाळी असते, तो वजनाला लागतो. सेटिंगमध्ये लिथियम फॉस्फेट निवडायला विसरू नका.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. कंट्रोलर बॅटरी बघून ठरवतो की गाडी १२ ची आहे का २४ ची. पॅनेल आधी लावलं तर तो गडबडतो, काही तर जळतात.

वायरवर लोक पैसे वाचवतात, तिथंच सगळं जातं. पॅनेल १० मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांबं. दोन पॅनेलं पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडली तर १०-११ अँपिअर. दीड स्क्वेअर एमएमची घरगुती वायर घेतलीत तर जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच गेले. १५-१६ मधनं अडीच गेल्यावर बॅटरीला लागणारे १४.४ कुठनं आणणार? बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि लोक पॅनेलला शिव्या देतात. ४ स्क्वेअरला हाच तोटा एका व्होल्टवर येतो. ६ स्क्वेअर घेतली तर पाऊण व्होल्टच्या आत. किंवा दोन्ही पॅनेलं सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडा, व्होल्टेज दुप्पट, करंट निम्मा, तोटाही निम्मा. पण सिरीजला एमपीपीटीच पाहिजे, आणि एका पॅनेलवर सावली आली की दुसऱ्यालाही त्रास. मी उघड्या रानासाठी सिरीज, झाडीत पॅरलल असं सांगतो.

कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा, पॅनेलजवळ नको. लांब वायर पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये असावी.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. तो वायरीला वाचवतो, पंख्याला नाही. ४ स्क्वेअरला ३० अँपिअर ठीक. लिथियम बॅटरीचे दोन्ही टोक पान्यानं जुळले तर पाना लाल होतो, गंमत नाही. आणि घरातला एसी एमसीबी (ट्रिप होणारा स्विच) इथं वापरू नका. डीसीचा आर्क आपोआप विझत नाही, डीसीसाठीचा लिहिलेला ब्रेकर किंवा गाडीचा ब्लेड फ्यूज घ्या. लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) पक्कडीनं दाबू नका, क्रिंपिंगचं हत्यार वापरून वर हीट श्रिंक. लक्ष्मीपुरीत सगळं मिळतं.

बॅटरी ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू नका. ॲक्सलच्या किंचित पुढं, पट्ट्यानं आवळून. मागं वजन गेलं की हायवेवर ट्रेलर शेपूट हलवतो.

रानोमाळ
दादा, हे प्रिंट काढून वायरमनला देतो. घरचा जुना इन्व्हर्टर वापरू की नको?

तारजोड
नको. तो काही न चालवता १०-१५ वॅट खातो. रात्रभर चालू राहिला तर दीडशे वॅट-तास फुकट, म्हणजे पंख्याच्या निम्म्याहून जास्त. पंखा, दिवे, पंप सगळं १२ व्होल्टवरच घ्या, मोबाइलला यूएसबी सॉकेट. त्याचा लेड ॲसिडचा चार्जरही लिथियमला योग्य नाही. घरी भरायला १४.४-१४.६ व्होल्टचा लिथियम फॉस्फेटचा चार्जर घ्या. १० अँपिअरचा असेल तर रिकामी बॅटरी रात्रभरात भरते.

मिक्सर : ७५० वॅट, सुरू होताना त्याहून जास्त. १००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर लागणार, तो भरात बॅटरीतनं १०० अँपिअरच्या जवळ ओढतो. २५ स्क्वेअरची केबल, १२५ अँपिअरचा फ्यूज, आणि बॅटरीच्या बीएमएसची (आतल्या संरक्षण सर्किटची) मर्यादा तेवढी आहे का ते तपासा. दोन मिनिटांच्या चटणीसाठी एवढं.

भटकी_मावशी
खलबत्ता न्या. किंवा वाटण घरनं करून न्या, कोल्हापूरकरांना मसाल्याचं सांगायला पाहिजे का?

नवखा_प्रवासी
मध्येच विचारतो. हे सगळं एका डब्यात असलेलं पोर्टेबल पॉवर स्टेशन मिळतं की. वायरिंगची कटकट नाही. ते का नको?

भटकी_मावशी
नको असं नाही. ज्यांना लग आणि फ्यूज यात पडायचं नाही त्यांनी तेच घ्यावं, आणि ट्रेलर नसून तंबू असेल तर तर नक्कीच. तेवढ्याच साठ्याला पैसे जास्त जातात. त्यातलं काही बिघडलं तर अख्खा डबा कंपनीकडं पाठवा, सुटं असेल तर बिघडलेला तेवढाच नग बदला. घेताना सोलर इनपुटचा व्होल्टेज बघा. लहान डब्यांना बहुतेक २५-३० व्होल्टच्या आतच चालतं. १०० वॅटच्या पॅनेलचा उघडा व्होल्टेज २२, दोन सिरीजमध्ये लावली की ४४. डबा गेला.

पंचगंगाकाठ
मी कॅम्पिंगवाला नाही, ट्रेलरही नाही. पण १०० एएचचा असा डबा, १०० वॅटचं घडीचं पॅनेल आणि दोन दिवे मी केलेत ते पुरासाठी. २०१९ च्या ऑगस्टला आणि २०२१ च्या जुलैला आमच्या भागात वीज गेली ती दिवसचे दिवस आली नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. आता ३९ च्या बातमीला बॅटरी पूर्ण भरून माडीवर नेतो. गल्लीतले मोबाइल आणि एक पंखा एवढं धरलं तरी माणसाला धीर येतो. रानोमाळ, तुमचा ट्रेलर पावसाळ्यात शेडमध्ये उभा राहणार, बॅटरी मात्र काढून घरात ठेवा. बोल्टनं कायमची बसवू नका.

रानोमाळ
हे डोक्यातच नव्हतं. बॅटरी, कंट्रोलर, फ्यूज एका पेटीत घालून हँडल लावतो, उचलून नेता येईल अशी. पावसाळ्यात सोलरवर काही मिळतं का? गगनबावड्याला जुलैत जायची हौस आहे.

घाटवाट
दाट ढगात चांगल्या दिवसाच्या १०-२० टक्के. गगनबावड्यात जुलैत तेही पदरात पडलं तर नशीब. तेव्हा पॅनेल घरीच ठेवा, गाडीवर भरवसा ठेवा. ओढणारी गाडी आणि ट्रेलरची बॅटरी यांच्यामध्ये २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर टाका. गगनबावडा ५५ किमी, ट्रेलर घेऊन दीड तास, ३० एएच आत. साधारण ३८० वॅट-तास, तुमचा बिनफ्रिजचा पूर्ण दिवस. थेट वायर मात्र ओढू नका. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर व्होल्टेज स्वतःच खालीवर करतात, आणि रिकामी लिथियम एवढं ओढते की अल्टरनेटर तापतो.

रानोमाळ
बॅटरी किती उरली ते कळायला छोटा व्होल्टमीटर बसवला तर चालेल?

तारजोड
लेड ॲसिडला चालला असता. लिथियम फॉस्फेट ७० टक्के भरलेली असो की ४० टक्के, मीटर १३.२-१३.३ च्या आसपासच दाखवतो. आणि शेवटी एकदम कोसळतो. शंट असलेला बॅटरी मॉनिटर घ्या, मायनसच्या वायरीत बसतो, आत किती गेलं नि बाहेर किती आलं ते मोजतो. मावशींनी काढलेला ३४० चा आकडा तुमच्या घराला लागू होतो का, तेही त्यावरच कळेल.

रानोमाळ
ठरलं मग. आत्ता १०० एएच लिथियम, पेटी, फ्यूज, मॉनिटर, घरचा चार्जर. फ्रिज आणि पॅनेल दिवाळीनंतर, कोकणात जायच्या आधी. घरच्यांना बर्फाच्या लादीवर राजी केलंय, सध्यापुरतं. शेवटचा प्रश्न : पॅनेलची वायर ट्रेलरला बाहेरनं जोडायला कुठला सॉकेट? वायरमन म्हणतोय १६ अँपिअरचा थ्री पिन लावू, कुठंही मिळतो.

तारजोड
थ्री पिन अजिबात नको. एक दिवस कुणीतरी पाहुणा मदत म्हणून तोच टॉप शेतातल्या मोटारीच्या बोर्डात घालील आणि २३० व्होल्ट थेट कंट्रोलरवर. सिगारेट लायटरचा सॉकेटही नको, १० अँपिअरला वितळतो. अँडरसन प्लग घ्या, ५० अँपिअरचा, उलटा बसत नाही. बाहेरच्या बाजूला रबरी झाकण लावा. पेटी बंद करायच्या आधी फोटो टाका, लग बघून सांगतो.

तांबडापांढरा
आणि मटणाचा फोटो वेगळा.